उन्हाळ्याच्या सहलीत गहू बंद असलेल्या मुलाचा डबा पुन्हा पुन्हा का फसतो

माझ्या मुलाला सिलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांमधलं ग्लुटेन नावाचं प्रथिन त्याच्या आतड्याला चालत नाही, अगदी चिमूटभरही. निदान झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता, आता तेराचा आहे. म्हणजे सहा उन्हाळे मी सोलापुरातून त्याचे डबे बांधते आहे. नळदुर्गाला, तुळजापूरला, अक्कलकोटला, पंढरपूरला, आणि एकदा हिंमत करून थेट गणपतीपुळ्याला. पहिल्या दोन उन्हाळ्यांत निम्मे डबे फसले. कधी भाजी विटली, कधी भाकरीची चामडी झाली, तर कधी डबा अगदी छान होता आणि तरीही पोराने रात्रभर पोट धरलं.

हल्ली इतर आयांचे फोन येतात. वाक्य ठरलेलं असतं: "सगळं घरचंच दिलं होतं हो, बाहेरचं काहीच नाही, तरी दुखलंच." मग मी ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारते. आधी फुकटातले, मग शेदोनशे रुपयांचे, शेवटी हजारांतले. हा क्रम मी उलटा करून बघितला आहे. घरघंटी आधी घेतली आणि हिंगाची डबी नंतर तपासली. पैसे गेले, दुखणं तसंच राहिलं.

आधी लक्षण नीट ओळखा

"डबा बाधला" या दोन शब्दांत पाच वेगळे बिघाड लपलेले असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून पहिल्यांदा हे ठरवा:

अ) झाकण उघडताच आंबूस वास येतो, झाकणाला आतून पाण्याचे थेंब असतात, भाताला किंवा भाजीला तार सुटलेली असते. हा उन्हाचा आणि वाफेचा बिघाड. ग्लुटेनचा इथे संबंध नाही.

आ) वास ठीक होता, पण त्या डब्यातलं खाल्लेल्या सगळ्यांनाच काही तासांत उलट्या किंवा जुलाब झाले. हाही अन्न खराब होण्याचाच प्रकार, फक्त नाकाला कळला नाही.

इ) बाकी सगळे ठणठणीत, फक्त पथ्यवाल्याचं पोट फुगलं, दुखलं, शौचाला पातळ झाली, तोंड आलं, नाहीतर पोर दोन दिवस नुसतं चिडचिड करत राहिलं. इथे ग्लुटेनचा संशय घ्यायचा. हे कधी काही तासांत दिसतं, कधी दुसऱ्या दिवशी. काही जणांना तर बाहेरून काहीच कळत नाही, पण आतड्याला इजा होतेच. म्हणून "आमच्याकडे थोडं चालतं" असं कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

ई) डबा जसाच्या तसा परत आला. "भूक नव्हती" असं उत्तर मिळालं, आणि खिशात चॉकलेटचा कागद सापडला.

उ) डबा उघडण्याआधीच डोकं दुखायला लागलं, मळमळलं, उलटी झाली. हे ऊन. याचं खापर डब्यावर फोडू नका. पोराला सावलीत घ्या, पाणी पाजा.

सगळ्यात जास्त गोंधळ आ आणि इ मध्ये होतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे घरातल्या कुणीतरी एकाने मुलाच्याच डब्यातलं खायचं. आमच्याकडे हे काम नवऱ्याकडे आहे. दोघांचं बिघडलं तर मी भाजीकडे बघते, एकट्या पोराचं बिघडलं तर मसाल्याच्या डब्याकडे.

पहिली तपासणी: आणखी काय खाल्लं? (खर्च शून्य)

मुलाला ओरडायचं नाही. ओरडलं की पुढच्या वेळी खरं सांगत नाही. शांतपणे सकाळपासूनची यादी काढायची. आमच्या यादीत आजवर सापडलेले चोर: देवळातल्या प्रसादाचा शिरा, मित्राने दिलेलं अर्धं बिस्कीट, कुल्फीचा कोन, आणि "नुसती भजी" (बेसनाचीच, पण त्याच तेलात समोसे तळलेले).

एकदा तर पन्हं समजून तो सातूचं पीठ प्यायला होता. सातू म्हणजे जव, आणि आपल्याकडच्या सातूच्या पिठात बहुतेक घरी गहूही असतोच. बिहारकडचं सत्तू बहुधा फुटाण्यांचं असतं, त्यामुळे नावाच्या साधर्म्याने फसगत होते. पाहुण्यांकडे उन्हातून गेल्यावर मोठ्या प्रेमाने तोच पेला पुढे येतो.

यादीत काही सापडलं तर इथेच थांबा. स्वयंपाकघर उपसू नका.

दुसरी तपासणी: वाफ

लक्षण अ असेल तर निम्म्या वेळा चूक इथे सापडते. सकाळी सहाची बस असते, भाजी कढईतून थेट डब्यात जाते, झाकण लागतं. आत अडकलेली वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते पाणी भाजीवर आणि भाकरीवर पडतं. ओलावा आला, ऊब होतीच, जंतूंना आणखी काय पाहिजे?

भाजी पसरट ताटात काढून पंख्याखाली ठेवायची, पंधरावीस मिनिटांत ती निवते. भाकरी तव्यावरून काढली की एकावर एक रचायची नाही. आमच्याकडे वेताची जुनी टोपली आहे, तिच्यात एकेक उभी टेकवून ठेवते. नाहीतर धुतलेल्या सुती फडक्यावर. डबा रात्रीच धुऊन उपडा घालायचा, आणि झाकणाची रबरी रिंग काढून तिच्याखालची खाच पुसायची. त्या खाचेत मागच्या सहलीचं वरण असतं. हसू नका, माझ्या डब्यात होतं.

एक मात्र खरं: निवायला ठेवायचं म्हणजे दोन तास ओट्यावर विसरायचं नाही. हाताला कोमट लागेनासं झालं की भरायचं.

तिसरी तपासणी: किती तास, आणि पिशवी कुठे होती?

अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम असा की शिजवलेलं ओलसर अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात दोन तासांहून जास्त राहू नये, आणि बाहेर ३२ च्या वर असेल तर एकच तास. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. मग सकाळी सहाला केलेला भात दुपारी एकला कसा चालेल? नाहीच चालत. हे पटायला मला दोन उन्हाळे लागले.

भाताचं तर जरा जास्तच. त्यात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या. "परत फोडणी देऊन खाल्ला होता" ही सबब म्हणूनच टिकत नाही. फोडणीचा भात, लिंबूभात, मसालेभात हे गहू नसलेल्या डब्याचे पहिले उमेदवार वाटतात. उन्हाळ्यात पल्ला तासाभराच्या वर असेल तर मी त्यांना घरीच ठेवते.

पिशवीची जागाही विचारा. एसटीत ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर ठेवलेली पिशवी म्हणजे मंद आचेवरचं पातेलं. गाडीची डिकी त्याहून वाईट, कारण तिथे एसीची हवा पोहोचत नाही. डबा पायाशी, सीटखाली सावलीत. दही, ताक किंवा काकडी न्यायची असेल तर पाण्याच्या दोन बाटल्या रात्री फ्रीझरमध्ये गोठवायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि डब्याच्या खाली न ठेवता वर ठेवायच्या. गार हवा खाली उतरते. दुपारी तेच पाणी प्यायला होतं. ताक मी आदल्या रात्री स्टीलच्या थर्मासमध्ये भरून थर्मासच फ्रीजमध्ये ठेवते, झाकण उघडं ठेवून. सकाळी फक्त झाकण लावायचं.

चौथी तपासणी: डब्यात काय आहे?

इथे मी जरा रमणार आहे, कारण सोलापूरकराला या बाबतीत देवाने झुकतं माप दिलंय.

ओलं खोबरं, शिजवलेला टोमॅटो, भरपूर कांदा, पालेभाजी, रस्सा: हे चारपाच तासांच्या डब्यातून बाद. कारण एकच, पाणी. जितकं पाणी कमी, तितकं अन्न टिकतं. वाटण लागणारच असेल तर सुकं खोबरं भाजून घ्या.

आणि मग कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ थापून, तव्यावर भाजून, नंतर मंद आचेवर दाबत दाबत पार कोरडी केलेली. हवाबंद डब्यात महिनाभर तिला काही होत नाही. तिच्यासोबत शेंगदाण्याची चटणी: शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, आणि कुटताना शेंगदाण्याचंच सुटलेलं तेल. पाण्याचा थेंब नाही, हिंग नाही, गहू नाही. परदेशात ग्लुटेन नसलेले क्रॅकर म्हणून जे पाकिटातून विकतात, ते आपल्याकडे किराणा दुकानात थप्पीने मिळतं. विकत घेताना एवढंच विचारायचं की त्याच तव्यावर चपात्याही करता का. बचत गटाच्या बायका खरं ते सांगतात. करत असतील तर घेऊ नका.

पण रोज कडक भाकरी दिली की लक्षण ई सुरू होतं. डबा परत. मऊ भाकरी हवीच. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे पिठाला धरून ठेवणारी जाळी नसते, म्हणून भाकरी गार झाली की चिरते. पिठात आधणाचं उकळतं पाणी घालून, झाकून, मग मळलं की स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी दुपारपर्यंत वळते. पीठ जुनं असेल, त्याची विरी गेली असेल, तर आधणही उपयोगाचं नाही. आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच दळा.

त्याहून मऊ हवी तर दशमी. ज्वारीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, चवीला मीठ किंवा गूळ, आणि तव्यावर तुपाचा हात लावून दोन्ही बाजूंनी खरपूस. आमच्या आजेसासूबाई पंढरीच्या वारीला निघताना हीच बांधायच्या. लोक विचारतात, दूध घातलं तर नासणार नाही का? नीट भाजली असेल तर पाणी फारच कमी उरतं, दुपारपर्यंत उत्तम राहते. कच्ची राहिली तर मात्र मधोमध आंबते. एक मोडून बघा: आत ओलसर पिठाची रेघ दिसली की ती घरीच खायची.

माझा हिशेब सांगते. दोन तासांच्या आत खायचं असेल तर बटाट्याची कोरडी भाजी आणि मऊ भाकरी, पण त्या गोठलेल्या बाटल्यांसोबतच. चार-पाच तासांवर असेल तर दशमी, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, अख्खी काकडी (तिथे कापायची), केळी. दिवसभराचं असेल तर कडक भाकरी, चटणी, फुटाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू. झुणका यातल्या पहिल्या रांगेतच बसवता येतो, तोही खमंग, मोकळा, अजिबात गोळा न होणारा. कलिंगड कापून नेऊ नका, आणि रस्त्यावर कापून ठेवलेलं तर बघूही नका.

लक्षण ई साठी अजून एक, याचा आरोग्याशी संबंध नाही पण डब्याशी आहे. पोराला इतरांसमोर वेगळा डबा काढायची लाज वाटते. नळदुर्गाच्या सहलीत सगळ्या मुलांनी पुऱ्या काढल्या आणि माझा कोपऱ्यात तोंड फिरवून बसला होता. त्यानंतर मी डबा नेहमी चौघांना पुरेल एवढा देते. कडक भाकरीचा कुरकुरीत आवाज आला की बाकीची पोरं आपणहून हात पुढे करतात.

पाचवी तपासणी: हिंग, आणि मग सगळे मसाले (खर्च दोनशे रुपयांच्या आत)

लक्षण इ आहे, बाहेरचं काही खाल्लेलं नाही, अन्न ताजं होतं. आता मसाल्याचा डबा उघडा.

डबीत मिळतो तो हिंग नुसता हिंग नसतो. मूळ चीक इतका उग्र असतो की तो डिंकात आणि पिठात मिसळूनच विकतात. ते पीठ बहुधा गव्हाचं किंवा मैद्याचं. डबीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पण पन्नास ग्रॅमची डबी कोण उलटून वाचतं? मी दीड वर्ष वाचली नव्हती. दीड वर्ष रोजच्या फोडणीत चिमूटभर मैदा पडत होता, आणि मी गिरणीवाल्याशी भांडत होते. खडा हिंग घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, बांधून केलेला खडाही पिठाचाच असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पाकिटावर तसं स्पष्ट छापलेलं असेल तरच घ्या. नाही मिळाला तर लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. हिंगाशिवाय कुणाचं काही अडत नाही.

हिंग सापडला की तो कुठे कुठे गेलाय ते बघा. गोडा मसाला, लोणच्याचा मसाला, उडदाचे पापड, चिवडा, शेव, ताकाचा तयार मसाला. लोणचं तर प्रत्येक डब्यात जातं.

दुसरी मोठी फसगत मेतकूट. "डाळींचंच असतं ना?" नाही, पारंपरिक मेतकुटात मूठभर गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीतही पुष्कळ घरी गहू असतो. दोन्ही पदार्थ घरचे, सात्त्विक, आजीच्या हातचे, म्हणून संशयच येत नाही. मी दोन्ही गहू वगळून करते. चवीत फरक कुणाला ओळखता आलेला नाही, फक्त सासूबाईंना आला, आणि त्यांनी तो बोलून दाखवला.

पाकिटबंद वस्तूंवर 'ग्लुटेन फ्री' असं लिहिलेलं असेल तर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. 'व्हीट फ्री' किंवा 'मल्टिग्रेन' या शब्दांना तेवढा अर्थ नाही. ओट्स पोत्यात येतानाच गव्हात मिसळून येतात, तेव्हा तपासलेले नसतील तर टाळा.

सहावी तपासणी: पोळपाट, तवा, तेल

लाकडी पोळपाट-लाटण्याच्या रेघांत कणीक बसते, ती धुऊन निघत नाही. त्याचा वेगळा जोड घ्या. लोखंडी तवाही वेगळा. दोन्ही मिळून पाचसातशे रुपये. पीठ चाळायची चाळणी तर नक्की वेगळी, तिच्या जाळीत काय अडकलंय ते उजेडाकडे धरून बघा. स्टीलची भांडी घासून चालतात. पुऱ्या तळलेलं तेल पुन्हा वापरू नका.

आणि सकाळच्या घाईत क्रम सांभाळा: आधी त्याची भाकरी, डबा भरून झाकण बंद, मग चपातीची कणीक काढायची. पिठाची परात आपटली की पीठ हवेत उडतं आणि निवायला ठेवलेल्या भाजीवर बसतं. वाफ घालवायला भाजी उघडी ठेवा असं मीच वर सांगितलं आहे, तेव्हा ही दोन कामं एकाच ओट्यावर एका वेळी करू नका.

सातवी: वाळवण

हे फक्त उन्हाळ्यातच येतं म्हणून वेगळं लिहिते. कुरडई गव्हाच्या चिकाची. साबुदाण्याच्या चकल्या आणि बटाट्याचे पापड निर्धोक. पण गच्चीवर एकाच प्लास्टिकवर सकाळी कुरडया, दुपारी पापड्या घातल्या, आणि नंतर एकाच कढईत तळल्या, तर नावापुरतेच निर्धोक. त्याचं वाळवण आम्ही पहिल्या दिवशी, धुतलेल्या धोतरावर घालतो.

आठवी तपासणी: गिरणी आणि धान्य (खर्च मोठा, म्हणून शेवटी)

हिंग बदलला, तवा बदलला, आणि दोन-तीन महिने नेमाने सांभाळूनही तक्रार येते आहे? मग पीठ.

आमचे गिरणीवाले अण्णा भला माणूस. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, गव्हाच्या मागे आमची ज्वारी घालू नका." ते हसले आणि चक्कीचं तोंड उघडून दाखवलं. दगडांच्या कडेला, नळीच्या वळणात, खालच्या कापडी पिशवीच्या शिवणीत पिवळट पांढरा थर होता. म्हणाले, "ताई, मागच्याचं थोडं पुढच्याच्या डब्यात गेल्याशिवाय गिरणी चालतच नाही. सगळ्यांचं सगळ्यांत जातं." त्यांनी सकाळी पहिलं दळण माझं घेऊन बघितलं, आधी तांदूळ घालून चक्की साफ करून बघितली. फरक पडला, पण दुखणं पूर्ण गेलं नाही. शेवटी घरघंटी घेतली. पंधरा-वीस हजारांच्या आसपास जातात. तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही, शेजारणीने गोड बोलून मागितली तरीही. एवढा खर्च जमत नसेल तर तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून मिक्सरवर दळता येतात. ज्वारीही थोडी थोडी निघते, फक्त मिक्सर तापतो आणि पीठ जरा भरड राहतं.

दळण्याआधी निवडणं मात्र चुकवू नका. पांढऱ्या ताटात ज्वारी ओंजळभर पसरा. गव्हाचा लांबट, मधे चीर असलेला दाणा गोल ज्वारीत लगेच उठून दिसतो. एकदा पाच किलो मालदांडी ज्वारीत मला तीस-पस्तीस दाणे सापडले. पोतं बदललं, दुकानदार तोच. निवडून झालं की धुऊन कडकडीत उन्हात वाळवा. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

उपासाची पिठं सिलिॲकवाल्यांना वरदान वाटतात: राजगिरा, शिंगाडा, भगर. सुट्टं तयार पीठ मात्र घेऊ नका. एक तर ते कुठल्या चक्कीवर दळलंय कळत नाही. शिवाय भगरीला ओल लागली की बुरशी धरते, आणि तिच्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपासाच्या दिवसांत येतच असतात. अख्खी भगर आणा, घरी दळा.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

लक्षण अ आणि आ मध्ये घरी करायचं ते एवढंच: ओआरएस घोट घोट पाजत राहणं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण उलटी थांबतच नसेल, पोटात पाणीही ठरत नसेल, सहा तासांत लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील, शौचात रक्त असेल, ताप चढला असेल किंवा मूल सुस्त पडलं असेल, तर लगेच दवाखाना. जुलाब बंद करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नका.

ऊन लागल्यावर अंग भट्टीसारखं तापलं आणि मूल असंबद्ध बोलू लागलं, तर तो उष्माघात. १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

लक्षण इ साठी थांबायची खूण वेगळी. आठही तपासण्या प्रामाणिकपणे करून, पथ्य काटेकोर ठेवून काही महिने झाले, तरी पोट बिघडतंय, वजन वाढत नाही, हिमोग्लोबिन खालीच आहे. मग चूक डब्यात आहे असं धरून बसू नका. पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. रक्तातली टीटीजी अँटीबॉडी पुन्हा तपासली की ग्लुटेन आत जातंय की नाही याचा अंदाज येतो. दूध न पचणं किंवा दुसरंच काही दुखणंही याच लक्षणांनी येऊ शकतं, ते आपल्याला घरी ओळखता येत नाही.

आणि ज्यांचं निदान अजून झालेलंच नाही, फक्त कुणीतरी सांगितलं म्हणून गहू बंद करून बघायचा विचार आहे, त्यांनी वरचं काहीही सुरू करू नका. आधी तपासणी. गहू बंद केल्यावर ती तपासणी करून उपयोग नसतो, रोग असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो, आणि मग निदानासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो. आमच्या ओळखीत एका पोरीवर ती वेळ आली.

डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी सोबत घ्या: मागच्या पंधरा दिवसांत पोराने काय काय खाल्लं त्याची वही, घरातल्या सगळ्या मसाल्यांच्या पाकिटांचे पाठीमागून काढलेले फोटो, आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी हिंगाची डबी त्या फोटोंतच पकडली होती.